कुणाच्याही नावावर नसलेली संध्याकाळ

आठवड्याचे तास १६८. दिवसभर नोकरी आणि संध्याकाळी मॅनेजमेंटचा पार्ट-टाइम कोर्स असं ज्यांचं चाललेलं असतं, त्यांचे हे तास कुठे जातात ते मी नव्या बॅचला पहिल्याच आठवड्यात फळ्यावर मांडायला लावते. रोज सात तास झोप धरली तर ४९. ऑफिस, शनिवारचा अर्धा दिवस धरून, ५०. प्रवास १८, बदलापूर-विरारची मंडळी इथे लगेच हात वर करतात, कारण त्यांचा आकडा याहून मोठा. वर्ग १२. अभ्यास, असाइनमेंट आणि ग्रुपची कामं मिळून १०. आंघोळ, जेवण, डबा, आवराआवर यांना रोज दोन तास, म्हणजे १४. बेरीज १५३. उरले १५.

या पंधरा तासांत अख्खं घर बसवायचं असतं. वडिलांची शुगर तपासून आणायची, मुलीच्या शाळेतली पालकसभा, सोसायटीतल्या गळतीची भांडणं, मावशीकडचं लग्न, बँकेतली केवायसी. नवरा-बायकोनं एकमेकांशी चार शब्द बोलायचे, तेही याच पंधरात.

बाईच्या बाबतीत तर हे गणित मुळातच सुटत नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणाप्रमाणे घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्या कामाला दिवसाची सरासरी २८९ मिनिटं देतात, पुरुष ८८. आठवड्याचा हिशेब केला तर तिचे जवळजवळ ३४ तास होतात आणि त्याचे सव्वादहा. म्हणजे वरच्या पंधरातून त्याच्याकडे पावणेपाच तास तरी उरतात, तिला एकोणीस कमी पडतात. या सरासरीत नोकरी न करणाऱ्या बायकाही आहेत, त्यामुळे नोकरीवाल्या बाईचा आकडा खाली येईल. पण एवढी तूट त्यानं भरून निघण्यासारखी नाही. ती भरून निघते झोपेतून. माझ्या तासाला मागच्या बाकावर कुणाची मान कलंडली, तर मी त्या माणसाला उठवत नाही.

मी ऑपरेशन्स शिकवते. या विषयात रांगांचं एक गणित आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांग या डॅनिश गणितज्ञानं १९०९ मध्ये त्यावरचा पहिला निबंध लिहिला. एक्स्चेंजमध्ये किती लाइन ठेवल्या म्हणजे लोकांना ताटकळावं लागणार नाही, हा त्याच्यापुढचा प्रश्न होता. तेच गणित बँकेच्या एका खिडकीला लावून बघा. एका गिऱ्हाइकाला सरासरी पाच मिनिटं लागतात, माणसं मात्र केव्हाही येतात आणि कुणाचं काम लांबतं, कुणाचं चटकन होतं. खिडकी ८० टक्के वेळ कामात असेल, तर रांगेतल्या माणसाला सरासरी २० मिनिटं थांबावं लागतं. ९० टक्के झाली की ४५ मिनिटं. ९५ टक्क्यांना ९५ मिनिटं, म्हणजे दीड तासाच्या वर. खिडकीमागचा कारकून तोच, तेवढाच हुशार आणि कष्टाळू. त्याची मधली रिकामी मिनिटं काढून घेतली, एवढंच झालं.

१६८ पैकी १५३ म्हणजे ९१ टक्के, आणि त्यात घर धरलेलंच नाही. पुरुषाचं घरकाम धरलं की ९७ होतात, बाईचं धरलं की आकडा शंभराच्या पलीकडे जातो. अशा आठवड्यात मंगळवारी सिग्नल बिघडला आणि गाडी पाऊण तास दादरला उभी राहिली, की मंगळवारचं लेक्चर बुडतं, त्याची नोट बुधवारी रात्री मागून घ्यावी लागते, म्हणून बुधवारचा ग्रुप-कॉल गुरुवारी पहाटे जातो, गुरुवारी ऑफिसात डोळे मिटायला लागतात, आणि शुक्रवारी घरी मुलगा काहीतरी साधंच विचारतो तेव्हा त्याच्यावर आवाज चढतो. पाऊण तासाचा उशीर चार दिवस फिरत राहतो. ज्या आठवड्यात कुठे फटच नाही, त्यात तो जिरायला जागा नसते.

दुसऱ्या-तिसऱ्या सेमनंतर कोर्स सोडायला निघालेली मुलं मला भेटायला येतात, तेव्हा बहुतेकांनी स्वतःवर शिक्का मारलेला असतो: मी कमी पडलो, माझ्यात शिस्त नाही, बाकीच्यांना जमतं ना. त्यांना मी हे खिडकीचं गणित पुन्हा करून दाखवते. शिस्त वाढवून ते बदलत नाही. उलट शिस्तीचे जे उपाय सगळीकडे सांगितले जातात, पहाटे चारला उठा, गाडीत कानात लेक्चर लावा, जेवताना केस वाचा, ते सगळे उरलीसुरली फट बुजवण्याचे उपाय आहेत. महिनाभर ते चालतात. परीक्षेच्या आधीचा महिना असेल तर चालवावेतही. तीन वर्षं चालवू नयेत.

ऑपरेशन्सच्या वर्गांत जगभर एक कादंबरी वाचायला देतात, एलियाहू गोल्डरॅट यांनी जेफ कॉक्स यांच्याबरोबर लिहिलेली 'द गोल', १९८४ ची. कारखान्यातला सगळ्यात मंद टप्पा कोणता ते शोधा आणि बाकीची यंत्रं कायम चालू ठेवण्याचा हट्ट सोडा, हा तिचा धडा सगळ्यांच्या लक्षात राहतो. तिच्यातला दुसरा धागा वर्गात फार कमी वेळा निघतो. तोट्यातला कारखाना तीन महिन्यांत वर काढायला धडपडणारा मॅनेजर ॲलेक्स रोगो रात्री-अपरात्री घरी येतो, सुट्टीच्या दिवशी कामावर जातो, आणि एक दिवस त्याची बायको जूली घर सोडून जाते. लेखकांना हा भाग गाळता आला असता. यंत्रांचं गणित त्याच्याशिवायही उभं राहिलं असतं. त्यांनी तो ठेवला, आणि मला वाटतं पार्ट-टाइम विद्यार्थ्यानं ती प्रकरणं आधी वाचावीत.

कामकरी माणसानं कामाच्या वेळेबाहेर शिकायचं, ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात १८५५ साली शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा घेतली. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं, तेव्हा वर्ग सकाळी ठेवले, म्हणजे पुढे दिवसभर नोकरी करता येईल. मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज संस्था १९६५ ची. तिथले संध्याकाळचे तीन वर्षांचे मास्टर्स कोर्स करून मोठ्या पदांवर गेलेली माणसं या शहरात पुष्कळ भेटतील. शिक्षणाची वेळ शिकणाऱ्याच्या पोटापाण्याकडे बघून ठरवायची, ही समज आपल्याकडे इतकी जुनी आहे, याचा मला अभिमान वाटतो.

पण त्याच परंपरेत आणखी एक माणूस आहे, त्याची आठवण मी रविवारच्या जादा लेक्चरला हटकून काढते. जोतीरावांचे सहकारी, 'दीनबंधू'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे. १८८४ मध्ये त्यांनी मुंबईतल्या गिरणी कामगारांना एकत्र करून सरकारपुढे अर्ज ठेवला. त्यातली पहिली मागणी होती आठवड्यातून एक दिवस सुट्टीची, आणि दुसरी दुपारी अर्धा तास विश्रांतीची. सहा वर्षं पाठपुरावा चालला, तेव्हा कुठे १० जून १८९० पासून गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. रविवार हा खंडोबाचा वार, हेही त्यांचं एक कारण सांगितलं जातं. ज्यांनी दिवसाचे बारा-बारा तास साच्यावर काढले, त्यांनी मजुरीच्या जोडीला मोकळा वेळ मागितला, आणि तो मिळेपर्यंत मागणी सोडली नाही. आपण तो रविवार एका व्हॉट्सॲप मेसेजवर प्रोजेक्टच्या मीटिंगला देऊन टाकतो. परीक्षेच्या तोंडावर द्यावा लागतोच. एरवी देताना मात्र दोनदा विचार करावा.

त्याच रविवारी आपली लोकलही अर्धी बंद असते. मेगाब्लॉकच्या नावानं आपण सगळेच बोटं मोडतो. पण आठवडाभर तीन-चार मिनिटांना एक गाडी पेलणारे रूळ कधीतरी काही तास मोकळे सोडल्याशिवाय दुरुस्त करता येत नाहीत, हे रेल्वेला कळलेलं आहे. त्यासाठी ती गाड्या रद्द करते, वेळापत्रक आधी जाहीर करते आणि लोकांचा राग सहन करते. माणसानं स्वतःच्या आठवड्याचं असंच करावं.

एवढं सगळं खर्ची घालून हे शिक्षण करावं का, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर हो असंच आहे, आणि ते पगारवाढीपुरतं नाही. पगार कधी वाढतो, कधी नाही. मी ज्याच्यासाठी वर्षानुवर्षं संध्याकाळी शिकवत आले, ती गोष्ट वेगळी आहे. एकदा साठ्याचा धडा चालला होता. आधी आलेला माल आधी बाहेर काढायचा, हा सर्वसाधारण नियम मी सांगितला. औषधाच्या कारखान्यात स्टोअर्स सांभाळणारा एक जण उभा राहिला. ऑफिसचं आयकार्ड गळ्यात तसंच होतं. म्हणाला, ''मॅडम, आमच्याकडे हे चालत नाही. कधी आला ते बघत नाही, एक्स्पायरी कुणाची आधी ते बघतो. नंतर आलेल्या बॅचची मुदत आधी संपणारी असली, तर ती आधी जाते.'' मग त्यानं त्या आठवड्यात आलेल्या दोन बॅचेसचं उदाहरण फळ्यावर मांडलं. लेबलवर तारीख कुठे असते, रॅकवर पेट्या कशा लावतात, पिकिंग करणारा पोऱ्या घाईत कुठे चुकतो, तो चुकू नये म्हणून त्यानं काय केलंय, सगळं. त्याच्या शेजारी बसणारी विमा कंपनीतली मुलगी वहीत उतरवून घेत होती. पुढच्या आठवड्यात तिनं सांगितलं की क्लेमच्या फायली ती आता आलेल्या क्रमानं घेत नाही, ज्यांची मुदत जवळ आहे त्या आधी घेते. संध्याकाळी शिकलेलं दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर वापरून बघायचं आणि त्याचं काय झालं ते पुन्हा वर्गात येऊन सांगायचं, ही संधी पूर्णवेळ शिकणाऱ्या मुलाला मिळत नाही. त्याच्याजवळ वेळ असतो, टेबल नसतं.

म्हणून सोडायचं ते कोर्स नव्हे, दुसरं काहीतरी, आणि ते आधी ठरवून सोडायचं. आपोआप जे सुटतं ते बहुधा नको तेच असतं, कारण घरची माणसं डेडलाइन देत नाहीत. सबमिशनची तारीख पोर्टलवर असते, बॉसचा रिमाइंडर येतो; आईच्या गुडघ्याला तारीख नसते. ज्याची तारीख नाही ते मागे पडत जातं.

काय सोडायचं हे ज्याचं त्यानं ठरवावं, पण माझं मत मी वर्गात स्पष्ट सांगते. सगळ्या विषयांत पहिल्या पाचात येण्याचा नाद सोडा. तीन वर्षांत पुष्कळ विषय येतात. त्यातले जे तुमच्या रोजच्या कामाला भिडतात ते खोल करा, बाकीचे नीट पास व्हा आणि त्याची खंत बाळगू नका. ग्रुप करताना मैत्री आणि मार्क यांच्याआधी रेल्वेलाइन बघा. एकाच लाइनवरची चार माणसं परतीच्या गाडीत प्रेझेंटेशनचं निम्मं काम उरकतात. एक पनवेलला, एक वसईला आणि एक मुलुंडला असला की तेच काम रात्री अकराच्या कॉलवर जातं. ब्लॅक बुकचा, म्हणजे प्रोजेक्टच्या अहवालाचा, विषय स्वतःच्या ऑफिसातला घ्या, म्हणजे माहिती गोळा करायला वेगळ्या रजा लागत नाहीत. आणि ज्या सेममध्ये घरात बाळंतपण, मोठं आजारपण किंवा मुलाची दहावी आहे, त्या सेममध्ये दोन पेपर मागे ठेवावे लागले तर ठेवा. केटी लागली तर ती सुटते. मार्कशीटवर काय लागलं याची चौकशी दहा वर्षांनी कुणी करत नाही.

याच्याही आधी एक गोष्ट करायची असते. ती फार थोडी माणसं करतात. माझ्या एका विद्यार्थिनीनं तिच्या फ्रिजवरच्या कागदाचा फोटो मला दाखवला होता. डोंबिवलीचं घर, नवरा, सासूबाई, शाळेत जाणारा मुलगा. प्रवेश घ्यायच्या आधी चौघांनी जेवणाच्या टेबलावर बसून तो कागद तयार केला होता. सेमचे आठवडे उभे, वार आडवे. वर्गाचे दिवस लाल. त्या दिवशी रात्रीचा स्वयंपाक नवऱ्याचा, आणि तिथे त्यानं स्वतःच्या हातानं 'खिचडी किंवा पोहे, तक्रार चालणार नाही' असं लिहिलेलं. परीक्षेचे पंधरा दिवस निळे. तेव्हा मुलाचा अभ्यास आजीकडे. आणि दर शनिवारी संध्याकाळचा चौकोन कोराच, त्याला नुसती हिरवी चौकट. मी विचारलं, शनिवारी काय करता? म्हणाली, ''काहीच ठरवायचं नाही, असं ठरलंय. कधी गणपतीच्या देवळात जातो, कधी नुसते बसतो. मंगळवारचं काही राहिलेलं असलं तर तेही तिथे ढकलता येतं. पण ते विचारून.''

त्या कोऱ्या चौकोनानं तिला तीन वर्षं तारलं, असं माझं ठाम मत आहे. आणि ते 'विचारून' तर फारच महत्त्वाचं. आपण कोर्सला जातो तेव्हा स्वतःचाच वेळ देतोय असं समजतो. प्रत्यक्षात त्यातले कितीतरी तास सासूबाईंचे असतात, नवऱ्याचे, बायकोचे, मुलाचे. कुणाला न विचारता ते घेतले की घरात अबोला वाढतो आणि त्याचं कारण कुणालाच नेमकं सांगता येत नाही. विचारून घेतले की तीच माणसं पदवीदान समारंभाला पुढच्या रांगेत येऊन बसतात. सासूबाईंना नातवाचा अभ्यास घेणं जड गेलं असेलच. पण कागदावर त्यांचं नाव होतं. काम त्यांच्या नावानं मांडलेलं होतं, त्यामुळे त्याची जाणीवही सगळ्यांना होती.

एकटं राहणाऱ्यांनाही हे लागू आहे. पीजीमध्ये किंवा भाड्याच्या खोलीत राहणारी मुलं मला सांगतात, आमचं कोण आहे वाट बघायला. गावाकडे आई रात्री नऊच्या फोनची वाट बघत असते. वर्गाच्या दिवशी तो फोन सकाळी होईल, एवढं तिला सांगून ठेवलं तरी तिची रात्र बरी जाते.

कागदावर एक माणूस मात्र सहसा नसतो, आणि निम्मा कोर्स त्याच्या हातात असतो: ऑफिसातला साहेब. साडेसहाच्या लेक्चरला साडेपाचला निघावं लागतं. सव्वापाचला 'जरा पाच मिनिटं बसू' म्हणून सुरू झालेली मीटिंग सात वाजता संपली, की तो माणूस वर्गात येतो तो हजेरीपुरता, आणि ७५ टक्क्यांची अट त्याच्या डोक्यावर असतेच. चांगल्या मुलांची टर्म यापायी धोक्यात आलेली मी पाहिली आहे. घरातल्यांनी केलेली सगळी तडजोड त्या दीड-दोन तासांत वाया जाते.

तेव्हा हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या हाताखाली असं शिकणारं माणूस असेल, तर त्यांना एक विनंती. त्याच्या वर्गाचे वार आज विचारून घ्या. त्या दिवशी त्याला सकाळी अर्धा तास लवकर बोलवायचं तर बोलवा, काम चोख मागा, पण साडेपाचला सोडा. संध्याकाळची मीटिंग दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला घेता येते.